मावशीची सलामी

शिलाईच्या कारखान्यात मावशीचं काम कापड कापण्याचं. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवायचा, खडूने रेघ ओढायची आणि मशीनचं उभं पातं त्या रेघेवरून फिरवायचं. सगळं उभ्याने. बरोबरीच्या बायका मधूनमधून स्टूल ओढून टेकत. मावशी मात्र दोन्ही पाय फाकवून मेख ठोकल्यासारखी उभी. अंगाने उंच, खांदे रुंद, आणि बोलणं असं की शेजारच्या टेबलावरची बाई हसता हसता रेघ चुकवायची. सुपरवायझर म्हणायचा, "मावशी, तुम्ही तोंड बंद ठेवलंत तर पुष्कळ कापड वाचेल."

"कापड वाचेल," मावशी म्हणायची, "पण बायका झोपतील."

खरं म्हणजे ती एकाच मुलीची मावशी. थोरल्या बहिणीच्या मुलीची. काडीसारखे पाय आणि चिरका आवाज, म्हणून घरात त्या पोरीला टिटवी म्हणत. मावशीने लग्न केलं नाही. बहिणीच्याच घरी मागच्या खोलीत राहिली, आणि टिटवी आईपेक्षा तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. मावशी खेळायला जायची त्या क्लबच्या हॉलमध्येही पोरगी "मावशी, मावशी" करत तिच्यामागे फिरायची. ऐकून ऐकून सगळेच मावशी म्हणू लागले.

हॉल व्हॉलीबॉलचा. तिथे मावशीची ख्याती होती ती उडीसाठी. जाळ्यापाशी ती उडाली की पलीकडच्या खेळाडूला समोर तिचं कोपर दिसायचं. हात कुठे गेला हे मान वर करून शोधावं लागायचं. हॉलच्या छताला एक लोखंडी तुळई होती. ती बदलायची झाली तर शिडीऐवजी मावशीलाच बोलवू, असं तिथले माईकवाले काका म्हणायचे. हे काका म्हणजे एरवी हॉलचे रखवालदार, पण सामना असला की माईक त्यांच्या हाती. जिभेला हाड नव्हतं, आणि लोकांनाही ते आवडायचं.

सलामी हा शब्द त्यांचाच. मावशी पहिल्यांदा मोठ्या सामन्यात उतरली तेव्हाची गोष्ट. तिने असा काही चेंडू मारला की पलीकडच्या मुली बघत राहिल्या. मग ती खाली आली. आली ती एका पायावर, लटपटली, पुढे दोन छोट्या उड्या मारत गेली आणि उजवा हात झटकन कपाळापर्यंत वर गेला. काका माईकवर म्हणाले, "आणि मंडळी, ही पाहा मावशींची सलामी." हॉल टाळ्यांनी दणाणला. पुढच्या चेंडूला लोक सलामीची वाटच पाहत बसले होते. मावशीने ती दिली. न देऊन करते काय?

कारण खरी गोष्ट अशी होती की मावशीला तोल नव्हता. अगदी लहानपणापासून. तिला सायकल कधी जमली नाही. बूट घालायचे तर ती खाली बसून घालायची. पायरी उतरताना हात आपोआप भिंतीकडे जायचा. घरात भाऊजी चेष्टा करत, "आमच्या मेव्हणीला विमान द्या, उडवून दाखवेल. सायकल तेवढी देऊ नका." सगळे हसत, मावशी सगळ्यांत मोठ्याने हसायची. पण जमिनीवर आल्यावर आपल्याला थांबता येत नाही, त्या दोन उड्या म्हणजे पडता पडता सावरणं आहे आणि तो हात सलामीला नाही, हवेला धरायला वर जातो, हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

वय झालं तशी ती खेळायची थांबली आणि मुलींना शिकवू लागली. संध्याकाळी कारखाना सुटला की सरळ हॉलमध्ये. मुलींचा तिच्यावर जीव, आणि जीव असलेल्या माणसाचं सगळंच उचलावंसं वाटतं. एक दिवस एका मुलीने खाली उतरून तशाच दोन उड्या मारल्या, हात कपाळाला नेला आणि मावशीकडे पाहून हसली. आठवडाभरात सगळ्या तेच करू लागल्या. मावशीला वाटलं, सांगावं की नको गं. तेवढ्यात एकीने विचारलं, "मावशी, ह्या दोन उड्या कशासाठी असतात?"

"वजन जमिनीत सोडायला," मावशी म्हणाली. "नाहीतर सगळं गुडघ्यावर येतं."

वेळ मारून नेली झालं. पण एकदा सांगितलं ते पुढे सांगावंच लागलं. नव्या मुली आल्या की जुन्याच त्यांना शिकवत, "उतरलीस की दोन टप्पे. वजन सोड. हात वर." मावशी बाजूला उभी राहून ऐकायची. वर्षं गेली तसं तिला स्वतःलाही त्यात काहीतरी तथ्य असावंसं वाटू लागलं.

टिटवी ह्या सगळ्यांत सरस निघाली. उडी मावशीइतकी नाही, पण नजर चलाख आणि हात मऊ. सलामी तर अशी सुबक की माईकवाले काका म्हणायचे, "ही सही मूळ सहीपेक्षा चांगली आली." एकच खोड होती. जाळ्याजवळ उतरली की तिचं पाऊल मधल्या रेघेपलीकडे जायचं. पंच शिट्टी फुंकायचे आणि हाती आलेला गुण समोरच्यांना जायचा. मावशीचा पारा चढायचा. "डोळे कुठे ठेवून येतेस गं? रेघ काय काल काढली?" एकदा तर सगळ्या मुलींदेखत तिला खेळातून बाहेर काढून हॉलला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. टिटवी धावत राहिली.

जिल्ह्याच्या संघासाठी तिच्या निवडचाचणीची तारीख ठरली तेव्हाच क्लबने एक फिजिओ मॅडम बोलावल्या. तरुण, शांत, हातात कायम मोजायची टेप. मुलींचे गुडघे, घोटे तपासायचे आणि काही दुखण्याआधी सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी सगळ्यांना उडायला लावलं. मग म्हणाल्या, "उड्या छान आहेत. पण ह्या खाली आल्यावर निघतात कुठे?"

"कुठेच नाही मॅडम," एक बोलकी मुलगी म्हणाली. तिला सगळे रेडिओ म्हणत. "ही सलामी आहे. आमच्या क्लबची खूण. मावशींची."

"बरं. आता सलामी न देता एका पायावर उतरा आणि तिथेच थांबा."

"मग हाताचं काय करायचं?"

"हाताला सुट्टी द्या."

मुली हसल्या. कुणी डुगडुगली, कुणी थांबली. टिटवी उडाली, एका पायावर उतरली आणि थांबली. पाय रोवला तो रोवलाच. मॅडम म्हणाल्या, "डोळे मीट." टिटवीने मिटले. तरी हलली नाही. पापणीसुद्धा हलली नाही.

"हिला ढकलायला माणूस लागेल," मॅडम म्हणाल्या. "इतका चांगला तोल आहे तुझा, मग सामन्यात उड्या मारत पुढे का जातेस? रेघ ओलांडत असशील."

"ओलांडते," टिटवी म्हणाली. "पण मावशी म्हणते, वजन जमिनीत सोडायला हवं."

मॅडमनी मावशीकडे पाहिलं. "तुम्ही दाखवता का एकदा? तुम्हाला कसं अपेक्षित आहे ते. एका पायावर उतरून."

"आज नको," मावशी म्हणाली. "गुडघा धरलाय."

"अहो मावशी, आत्ताच तर तुम्ही जाळ्यापाशी उडी मारून दाखवलीत," रेडिओ म्हणाली. मुली खो खो हसल्या.

मावशीचा चेहरा पडला. मॅडमनी तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं करून टेप गुंडाळायला घेतली. तेच मावशीला जास्त लागलं. रोखून पाहिलं असतं तर काहीतरी चेष्टा करून निभावता आलं असतं.

मुली पांगल्यावर मॅडम तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "लोकांना वाटतं, जो उंच उडतो त्याचा तोलही पक्का असणार. मलाही वाटायचं. मग मी खेळाडूंच्या उड्या मोजायचे आणि त्यांनाच एका पायावर उभं करायचे. जोडी काही जुळेना. उंच उडणारे लटपटायचे, बेताचे उडणारे खांबासारखे उभे. उडी म्हणजे मांडीतला जोर. तोल वेगळा असतो. थोडा घोट्यात, थोडा कानात, थोडा डोळ्यांत. एक आहे म्हणून दुसरा असेलच असं नाही. आणि नसला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, मावशी. सराव केला तर बराचसा येतोही."

"हो का," मावशी म्हणाली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, घरात कुणी उठायच्या आत, तिने स्वयंपाकघरात एक पाय उचलून पाहिला. ओट्याला धरलं तोवर ठीक. हात सोडला आणि ती भांड्यांच्या मांडणीवर गेली. ताई झोपेतून धडपडत आली. "काय पडलं?"

"पातेलं."

"आणि तू खाली बसून काय करतेस?"

"त्याची विचारपूस."

ताई हसत परत गेली. मावशी तिथेच फरशीवर बसून राहिली. आपल्याला तोल नाही ह्याची लाज तिने जन्मभर सांभाळली होती, ती सवयीची होती. ही नवी लाज वेगळी होती. पोरीचा पाय चांगला होता. देवाने दिला तसा सरळ, पक्का पाय. त्या पायाला लटपटायला तिने शिकवलं, आणि लटपटला म्हणून चारचौघींत फेऱ्याही मारायला लावल्या.

त्या दिवशी कारखान्यात तिच्या हातून कधी नव्हे ती चूक झाली. शर्टांच्या बाह्या कापताना उजव्या बाहीसाठी फर्मा उलटा करायचा राहिला. टेबलावर गणवेशाच्या बाह्यांची अख्खी थप्पी लागली, सगळ्या डाव्या. शेजारीण म्हणाली, "मावशी, त्या शाळेतली पोरं सगळी एका हाताची आहेत का?" बायका हसल्या आणि मावशीच्या उत्तराची वाट पाहत राहिल्या. मावशी थप्पी उलगडत होती. वरच्या थराचं जे झालं होतं तेच अगदी तळच्या थराचंही झालं होतं. एकही सुटला नव्हता. थोड्या वेळाने बायका आपापल्या कामाला लागल्या.

संध्याकाळी घरी जाताना ती टिटवीला म्हणाली, "चाचणीत सलामी द्यायची नाही."

टिटवी चालता चालता थांबली. "का?"

"मी सांगते म्हणून."

"मॅडम बोलल्या म्हणून?"

"मॅडमचा काय संबंध? नाही द्यायची म्हणजे नाही."

"तुझी आहे, म्हणून मी घ्यायची नाही का आता?" टिटवीचा आवाज अजूनच चिरका झाला. "बाहेरच्या लोकांसमोर मी तुझ्यासारखी दिसायला नको, असं आहे का?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

किती सोपं होतं. एक वाक्य. ते सांगायला मावशीने तोंड उघडलं. समोर गल्लीच्या तोंडाशी माईकवाले काका सायकल धरून उभे होते. त्यांनी दोघींना पाहिलं आणि हसून हात कपाळाला नेला. मावशीनेही नेला. सवयच ती. टिटवी तिच्याकडे बघत राहिली, मग पुढे निघून गेली. घरी पोहोचेपर्यंत ती पुढे आणि ही मागे.

चाचणी दुसऱ्या एका मोठ्या हॉलमध्ये होती. क्लबच्या बऱ्याच मुली टिटवीला बळ द्यायला आल्या होत्या. मावशी मागच्या रांगेत बसली. निवड करणारे गृहस्थ टक्कल पडलेले, कमी बोलणारे, पेन कानामागे.

पहिला सेट सुरू झाला. टिटवी जाळ्यापाशी उडाली, चेंडू मारला, उतरली. पाय थांबायला बघत होता आणि शिकलेलं अंग पुढे जायला. ना धड सलामी, ना धड थांबणं. एक उडी पडली, पाऊल पलीकडे गेलं, शिट्टी. थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्यानंतर ती इतका विचार करू लागली की उडीच आखडली. नेमके तिच्या हातातले चेंडू जाळ्यात जाऊ लागले. सेट संपला तेव्हा तिने वर मावशीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तरी चाललं असतं. तिथे प्रश्न होता.

मावशी भिंतीचा आधार घेत पायऱ्या उतरली आणि त्या गृहस्थांपाशी गेली. "साहेब, ती रेघ ओलांडते ना, तो तिचा दोष नाही. माझा आहे. मी शिकवलंय."

गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलं. "असेल. पण बाई, पाय तिचाच आहे. मी माझ्या संघात तिचा पाय घेणार, तुमचा नाही." मग जरा थांबून म्हणाले, "जेवणानंतर अजून एक सेट आहे. सांगायचं ते तिला सांगा. मला सांगून काय उपयोग?"

कपडे बदलायच्या खोलीत टिटवी बाकावर बसली होती. डबा उघडलेला, घास घेतलेला नाही. भोवती क्लबच्या मुली. मावशी आत आली आणि दार लोटून उभी राहिली.

"इकडे बघा सगळ्या," ती म्हणाली. "हे बघा." आणि तिने एक पाय उचलला.

क्षणभर काही झालं नाही. मग ती डुलली, दोन्ही हात हवेत गेले, पुढे दोन उड्या मारत ती बॅगांच्या ढिगावर जाऊन पडली.

मुली हसून लोटपोट झाल्या. मावशी म्हणजे नकला करणारी, हसवणारी. टिटवीचं मन रमवायला आली असणार. रेडिओ डोळे पुसत म्हणाली, "मावशी, पुन्हा एकदा!"

मावशी उठली. कपडे झटकले नाहीत. पुन्हा उभी राहिली, पुन्हा पाय उचलला, आणि पुन्हा तशीच गेली, ह्या वेळी बाकाच्या कडेवर. कोपर सोललं. तेव्हा एकेकीचं हसू थांबत गेलं. टिटवी पहिल्यापासून हसली नव्हती.

"ही नक्कल नाही," मावशी खालूनच म्हणाली. "मला उभं राहता येत नाही. कधीच येत नव्हतं. मी सलामी देत नव्हते, पोरींनो. मी पडत होते. वजन जमिनीत सोडायचं वगैरे मी बनवून सांगितलं. तुम्ही विचारलंत, आणि मला लाज वाटली."

 रेडिओने डोळे पुसायचा हात खाली घेतला. मावशीची मान वर होईना. डोळ्यांसमोर मुलींचे बूट होते नुसते, आणि ते सगळे जागच्या जागी होते.

"टिटवे," ती म्हणाली, "तुझा पाय चांगला आहे. माझा तुझ्यातून काढून टाक."

टिटवीने बुटाची नाडी सोडली, पुन्हा घट्ट बांधली, आणि मावशीला वळसा घालून बाहेर गेली.

दुसऱ्या सेटमध्ये ती वेगळीच खेळली. सुरुवातीला एकदोनदा अंगाने जुनी ओढ घेतली, पण मग पाय रोवू लागला. उडायची, मारायची, उतरायची, की संपलं. जिथे उतरली तिथे. रेघ समोर असायची आणि पाऊल अलीकडे. उतरल्या उतरल्या ती पुढच्या चेंडूला तयार असायची, तेव्हा इतर मुली अजून सावरत असत. गृहस्थांनी कानामागचं पेन काढलं. त्या अख्ख्या सेटमध्ये टिटवीने मावशीकडे एकदाही पाहिलं नाही.

तिची निवड झाली. मुलींनी तिला उचललं, आरडाओरडा केला. मावशीही टाळ्या वाजवत होती, पण जरा लांबून. जवळ जायचा आपल्याला हक्क आहे की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मावशी पुढे एकटी बसली. मागे मुलींचा गलका चालला होता. एरवी त्या गलक्याच्या मधोमध मावशी असायची. तिने खिडकीकडे तोंड केलं, सोललेलं कोपर पदराखाली झाकलं. बरंच अंतर गेल्यावर शेजारची सीट दबली. टिटवी येऊन बसली होती. दोघी समोर बघत राहिल्या.

"इतकी वर्षं तू पडत होतीस," टिटवी म्हणाली, "तर कुणाला सांगितलं का नाहीस?"

मावशीने पदर कोपरावर अजून ओढला. "लोक टाळ्या वाजवत होते गं," ती म्हणाली.

टिटवीने बाहेर पाहिलं. दुकानांची दारं, एक भिंत, पुन्हा दुकानं.

"मीपण वाजवल्या," ती म्हणाली.

 टिटवी उठून गेली नाही, इतकंच. उतरायचं ठिकाण येईपर्यंत ती तिथेच बसून राहिली, आणि मावशी आपल्या पायांकडे बघत राहिली.